उसन्या श्वासाची प्रार्थना

भिंगरीला तिच्या खऱ्या नावाने शेवटची हाक मारली ती बाप्तिस्म्याच्या वेळी फादरांनी, असं घरातले गमतीने म्हणत. पाय फुटले तशी ती जी धावत सुटली ती पुन्हा म्हणून बसली नाही, तेव्हा थोरल्या बहिणीने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. ही थोरली बहीण, ताई, पुढे नन झाली. कॉन्व्हेंटच्या शाळेत तिच्या हाताखालून मुलींच्या पिढ्या गेल्या आणि सगळं गाव तिला मदर म्हणू लागलं. धाकट्या बहिणीला मात्र ती अजून भिंगरीच म्हणत असे, आणि धाकटी पन्नाशी ओलांडून बरीच पुढे गेली तरी त्या नावाला जागत होती.

जागत होती म्हणजे, चहा उभ्याने प्यायची. जेवताना मिठासाठी उठायची, मीठ आणलं की पाण्यासाठी, आणि पाणी आणताना वाटेत दिसलेलं फडकं वाळत घालून मगच परत यायची. चर्चमध्ये बाकावर बसली तरी प्रवचन सुरू झालं की हिच्या मनात गॅस बंद केला होता का, इथपासून सुरुवात व्हायची आणि आमेनपर्यंत ती मनाने सगळं घर झाडून काढायची. तिचे यजमान एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले होते, हिचा पुतळा उभारायचा झाला तर खाली चाकं बसवावी लागतील.

यजमानांना सगळे सर म्हणत. नगरपालिकेच्या तलावावर त्यांनी आयुष्यभर पोहायला शिकवलं होतं. अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यात ढकललं होतं आणि सगळ्यांना वर काढलं होतं. रुंद छाती, बारीक कापलेले केस, आणि आवाज असा की तलावाच्या पलीकडच्या टोकाला कुणी बुडी मारून असला तरी त्याला ऐकू जावा. तरुणपणी एका दमात पाण्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात, ही गोष्ट लोक अजून सांगत. लोक विसरले तर सर स्वतः आठवण करून देत. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी ते तलावावर जात, नव्या शिक्षकाच्या चुका काढायला.

भिंगरी स्वतः मोठ्या दवाखान्याच्या तळघरात एक्स-रे काढायची. लोकांच्या भाषेत फोटो. मोडलेली हाडं, गिळलेली नाणी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे छात्या. माणूस पाटीला छाती लावून उभा राहायचा. ती त्याची हनुवटी वर टेकवायची, खांदे पुढे ढकलायची, हात कमरेवर ठेवायला सांगायची आणि लगबगीने शिशाच्या काचेमागे जायची. मग तेच तीन हुकूम. श्वास घ्या. रोखा. मधे बटण. सोडा. सकाळपासून दुपारपर्यंत, पहिला गेला की दुसरा. हे काम तिला मानवलं होतं, कारण त्यात बसायचं नसायचं.

अशा बाईला ताईने प्रार्थना शिकवायला घेतली याचं कारण भिंगरीच होती. एका रविवारी कॉन्व्हेंटच्या भेटीच्या खोलीत तिने तक्रार केली की तिला प्रार्थना होतच नाही. जपमाळ हातात घेतली की बोटं मण्यांवरून पळत सुटतात. देवाला काय सांगायचं ते आठवेपर्यंत शेवट येऊन ठेपलेला असतो. ताईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. भिंगरी तेव्हाही उभीच होती, खिडकीच्या पडद्याची चूण सारखी करत.

“मग लहान घे,” ताई म्हणाली. “तुझ्या मापाची. श्वास आत घेताना म्हण, प्रभू येशू ख्रिस्ता. सोडताना म्हण, माझ्यावर दया कर. झालं. त्यासाठी बसायला नको, वेळ काढायला नको. जिना चढताना म्हण, भांडी घासताना म्हण. श्वास तर चालू असतो ना तुझा?”

“असावा,” भिंगरी म्हणाली. “पाहायला सवड झाली नाही.”

सवड काढून पाहिलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिचा श्वास तिचा उरलेलाच नव्हता. कामावर ती दुसऱ्याला श्वास घ्या म्हणायची आणि आपणही घ्यायची. रोखा म्हणायची आणि आपणही रोखायची. इतक्या वर्षांची सवय. ‘प्रभू येशू ख्रिस्ता’ म्हणून होतंय तोवर बटण दाबायची वेळ यायची आणि दया मागायची राहून जायची. जिना ती पळत चढायची, त्यामुळे जिन्यात प्रार्थनाही धापा टाकत वर यायची. आणि कधी मुद्दाम उभं राहून स्वतःच्या श्वासाकडे लक्ष दिलं, तर तो नव्या जावयासारखा अवघडून बसायचा, कुठे वळावं ते त्याला कळायचं नाही. दुसऱ्या रविवारी ताईने विचारलं तेव्हा तिने विषय बदलला.

मग एका दुपारी ती कामाची पाळी संपवून घरी आली. सर जेवून खिडकीपाशी आरामखुर्चीत पडले होते, पोटावर वर्तमानपत्र. ते घडी करून ठेवावं म्हणून ती वाकली आणि थांबली. सरांचा श्वास चालला होता. सावकाश, खोल, भरतीच्या पाण्यासारखा वर येत होता आणि तसाच निवांत परत जात होता. सहज गंमत म्हणून तिने त्या श्वासावर ताईचे शब्द बसवून पाहिले. प्रभू येशू ख्रिस्ता. माझ्यावर दया कर. शिंप्याने मापं घेऊन शिवल्यासारखे बसले. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा बसले. तिने पायाने स्टूल ओढलं आणि खाली बसली.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. उठली तेव्हा खांदे हलके झाले होते आणि स्वयंपाकघरात काय करायला निघाली होती ते आठवेना. त्यानंतर ती रोजच बसू लागली. स्वतःचा श्वास तिने मोकळा सोडून दिला, त्याने हवं तसं धावावं. प्रार्थना सरांच्या श्वासावर चालायची. मनात कधीमधी टोचणी लागे की हे काही खरं नव्हे, दुसऱ्याच्या पेन्सिलीने परीक्षा दिल्यासारखं आहे. पण जमतंय तर खरं. ताईला तिने एवढंच कळवलं की आता होतेय हं प्रार्थना, आणि ताईला इतका आनंद झाला की खुलासा करायचं राहूनच गेलं.

असे बरेच महिने गेले. आणि मग एका दुपारी शब्द बसेनात.

आधी तिला वाटलं, आपलंच लक्ष नाही. पुन्हा सुरुवात केली. ‘प्रभू येशू’ झालं आणि ‘ख्रिस्ता’ येण्याआधीच सरांची छाती खाली यायला लागली. तिने घाईने ‘माझ्यावर’ म्हटलं, तर पुढचा श्वास आलासुद्धा. ‘दया कर’ बाहेरच राहिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तर मधे एक श्वास अडखळला आणि त्याच्यामागून दोन छोटे छोटे श्वास पळत आले. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने त्या दिवशी पाहिलं की सरांच्या मानेखाली एकाच्या जागी दोन उशा होत्या.

उशीचं तिने विचारलं तर म्हणाले, मान अवघडते. दम लागतो का विचारलं तर म्हणाले, मला? इतकं म्हणून त्यांनी छाती फुगवून दाखवली आणि तलावाच्या त्या टोकाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. खोकला नाही, ताप नाही, दुखत काही नाही. दवाखान्यात चला म्हणावं तर कशासाठी, याला तिच्याजवळ सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. तुमच्या श्वासात माझी प्रार्थना मावत नाही, हे कुणाला सांगायचं? ज्या खोलीत तिने गावातल्या निम्म्या लोकांच्या छात्या पाहिल्या होत्या, तिथे आपला नवरा आणायचा कसा, एवढाच प्रश्न तिच्या डोक्यात घोळू लागला, आणि त्याने तिची झोप उडाली.

भिंगरी आधीच एका जागी न ठरणारी, आता तर तिच्या जिवाची नुसती घालमेल. चहात साखर दोनदा पडायची. कामावरून पळत घरी यायची आणि दारातच थबकून कानोसा घ्यायची. दुपारी स्टुलावर बसायची, पण आता ती प्रार्थना नव्हती, मोजमाप होतं. शब्द कुठे तुटतो, कालपेक्षा आधी तुटला का. बसून झालं की आधीपेक्षा जास्त थकलेली उठायची. एकदा तिने सरांना सरळ आव्हान दिलं, माझ्यासमोर दम रोखून दाखवा. सरांनी मोठ्या रुबाबात नाक धरलं. थोड्याच वेळात ते फुस्सकन सुटले आणि म्हणाले, तुझ्या तोंडाकडे बघून हसूच आलं. पण हसू येताना माणसाचे ओठ असे निळसर होत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात कामावर ती गोष्ट घडली.

कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण आली होती. थोराड बांध्याची, गरीब स्वभावाची, सांगाल ते ऐकणारी बाई. भिंगरीने तिला नीट उभं केलं, काचेमागे गेली, श्वास घ्या म्हणाली, रोखा म्हणाली आणि बटण दाबलं. पडद्यावर फोटो उमटला. स्वच्छ, मोकळी, काळीभोर फुप्फुसं, खालचे कोपरे सुरीने कापल्यासारखे. असे असायला हवेत, भिंगरीच्या मनात आलं, आणि मनाबरोबर ती घरी पोचली. खिडकीपाशी, स्टुलावर. प्रभू येशू ख्रिस्ता. इथपर्यंत येतो. मग माझ्यावर. मग दया...

धाडकन आवाज झाला. बेकरीवाली पाटीवर हनुवटी आपटून खाली घसरली होती. ओठ फुटून रक्त आलं होतं. भिंगरी धावत गेली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाईने डोळे उघडले आणि रागाने नाही, अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाली, “तुम्ही सोडा म्हणालाच नाहीत.”

विभागाच्या डॉक्टरबाई वयाने भिंगरीच्या मुलीएवढ्या, पण कामाला पक्क्या. त्यांनी ओठाला औषध लावलं, स्वतः माफी मागितली, बेकरीवालीला गाडीपर्यंत पोचवलं. मग परत येऊन दार लोटलं आणि घरी काय चाललंय ते विचारलं. भिंगरीने सांगितलं, यजमानांचा श्वास आखूड झालाय. कशावरून, असं डॉक्टरबाईंनी विचारताच तिची जीभ अडली. असंच, म्हणाली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांना घेऊन या, म्हणाल्या, आणि तोवर तुम्ही रजेवर जा. अशा मनाने बटणाला हात लावायचा नाही.

रजेवर गेलेली भिंगरी म्हणजे घराला शिक्षाच. तिने कपाटं रिकामी करून पुन्हा भरली. पडदे उतरवले, धुतले, ओले असतानाच परत लावले. आणि हे सगळं करताना नजर सरांच्या छातीवर. ते मोरीत गेले की ही दाराशी. ते जिना उतरले की ही वरून कठड्याला लोंबकळत. शेवटी सर वैतागले. मला श्वाससुद्धा सुखाने घेऊ देत नाहीस, म्हणाले, आता तलावावरही येऊन उभी राहा काठावर, शिट्टी घेऊन. त्या दिवशी ते रागाने तलावावर निघून गेले आणि नेहमीपेक्षा बरेच उशिरा परत आले. वाटेत कुणीतरी भेटलं, म्हणाले. घाम पुसत होते, आणि दिवस काही उन्हाचा नव्हता.

ते झोपल्यावर भिंगरी तडक कॉन्व्हेंटमध्ये गेली. ताई इस्त्रीच्या खोलीत वेदीवरची वस्त्रं इस्त्री करत होती. भिंगरीने दुसऱ्या टोकाने कापड धरलं आणि घड्या घालता घालता सगळं ओकून टाकलं. प्रार्थना आपल्याला कधीच जमली नव्हती, सरांच्या श्वासावर चालली होती, आता तिथेही मावत नाही. बेकरीवालीचा ओठ. रजा. सगळं.

ताईला आधी इतकं हसू फुटलं की तिला इस्त्री बाजूला ठेवावी लागली. “अगं, देवाकडे जायलासुद्धा तू नवऱ्याच्या खांद्यावर बसून निघालीस?” ती म्हणाली. मग बहिणीचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं. तिने डोळे पुसले. “त्याला सांगितलंस का हे?”

“काय हे?”

“हेच. तू त्याला आजारी ठरवतेस म्हणून तो अडून बसतो. पोहणारा माणूस आहे तो, त्याला कसं खपेल? तू काय ऐकलंस तेवढंच सांग. कसं ऐकलंस ते सांग.”

“हसतील मला.”

“हसू दे की. मीही हसलेच ना?”

घरी परत येताना भिंगरीने वाक्यं जुळवली आणि मोडली. सर जागे होते. आरामखुर्चीत, दोन उशांना टेकून, वर्तमानपत्र न उघडता नुसते बसले होते. तिने दोरीवरचे कपडे गोळा करून आणले, कारण रिकाम्या हाताने तिला बोलता आलं नसतं. शर्टाच्या बाह्या जुळवत, त्यांच्याकडे न पाहता तिने सांगितलं. ताईने दिलेली प्रार्थना. तिचा स्वतःचा पळपुटा श्वास. पोटावरचं वर्तमानपत्र. स्टूल. शब्द कसे बसायचे, आणि आता ‘दया कर’ कसं रोज बाहेर राहतं. बोलून झालं तेव्हा हातातल्या एकाच शर्टाची तिने चार वेळा घडी मोडली होती.

सर हसले नाहीत.

“मी जागा असायचो,” ते म्हणाले.

“कधी?”

“तू येऊन बसायचीस तेव्हा. पहिल्या दिवशी खरंच डुलकी लागली होती. डोळे किलकिले करून बघतो तर तू शेजारी. बसलेली. आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली, दिवसाढवळ्या तू माझ्या शेजारी नुसती बसलीस असं मी पाहिलं नव्हतं. हललो असतो तर उठून गेली असतीस. म्हणून झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. लांब श्वास आत, लांब बाहेर. मुलांना शिकवायचोच की मी.”

भिंगरीच्या हातातून शर्ट खाली पडला. “म्हणजे इतके महिने मी सोंगावर प्रार्थना केली?”

“आणि ती चालावी म्हणून मी घसा कोरडा पडेपर्यंत सोंग केलं. फिटंफाट झाली.”

तिला राग यावा की रडू हे तिलाच ठरवता येईना. जे पहिलं तोंडात आलं ते ती बोलली. “मग आता का सोडलंत? आता का नाही तसा श्वास घेत?”

सर उत्तर द्यायला तोंड उघडून तसेच राहिले. काहीतरी गमतीचं बोलायचं होतं ते विरून गेलं. भिंगरीने त्यांचा चेहरा इतका उघडा कधी पाहिला नव्हता.

“आता मी जागा नसतो,” ते सावकाश म्हणाले. “ठरवतो, ती येईल, जागं राहायचं. पण तू यायच्या आधीच डोळे मिटतात. आता झोपतो मी. खरंच झोपतो.” मग म्हणाले, “म्हणजे तू आता ऐकतेस तो माझा खरा श्वास.”

मग सरांनी एकेक करून सांगायला सुरुवात केली, जणू कुणा दुसऱ्याच्या तक्रारी सांगाव्यात. तलावावर आता ते पाण्यात उतरत नव्हते, पायऱ्यांवर बसून असत. आज येताना वाटेत कुणी भेटलं नव्हतं, तेच दर वळणावर थांबले होते. आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. बोलता बोलता ते वाकून खुर्चीखालचे बूट शोधू लागले. दवाखाना अजून उघडा असेल का, त्यांनीच विचारलं. बुटात पाय जाईना. घोटे सुजून बुटाच्या काठावरून वर आले होते. भिंगरीने खाली बसून नाड्या पार मोकळ्या केल्या, तरी बांधता आल्या नाहीत. तशाच लोंबत्या नाड्यांनी दोघं निघाली.

तळघरात दुसऱ्या पाळीचे फोटो काढणारे मिशीवाले सहकारी होते. बाई, मी काढतो फोटो, ते म्हणाले, पण भिंगरीने डॉक्टरबाईंकडे पाहिलं आणि डॉक्टरबाई तिच्या शेजारी काचेमागे येऊन उभ्या राहिल्या. सरांनी शर्ट काढला. ती रुंद छाती पाटीला लावताना, हनुवटी टेकवताना, खांदे पुढे ढकलताना तिचे हात सवयीने चालत होते आणि तोंडही. अंगावर साखळीबिखळी काही नाही ना, तिने विचारलं.

“तुझ्या वडिलांनी घातली असती तर असती,” सर पाटीवर हनुवटी ठेवून म्हणाले. मिशीवाल्यांना खोकला आला.

ती काचेमागे गेली. “मोठा श्वास घ्या. रोखा.”

सरांचे खांदे वर गेले आणि ती बटणाला बोट लावते न लावते तोच कोसळले. खोकल्याची उबळ आली. पडद्यावर हलून गेलेली, धुरकट छाती उमटली. पाठमोरे सर तसेच उभे होते, मान न वळवता. त्यांचे कान लाल झालेले तिला दिसले. पाण्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे असं, तिच्यासमोर, तिच्या मिशीवाल्या सहकाऱ्यासमोर. त्या क्षणी तिला वाटलं, नको, पुरे, घरी जाऊ या, स्टुलावर बसून ऐकलेलंच बरं होतं.

“जमेल तेवढाच घ्या,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. “थोडासा. हं. रोखा.” बटण. “सोडा. सोडा, सोडा.”

डॉक्टरबाईंनी आधी पाहिलं, मग तिने. हृदयाची सावली दोन्ही बाजूंना पसरली होती, आणि खालचे कोपरे, जे सुरीने कापल्यासारखे असायचे, ते करड्या पाण्याने भरले होते. असं तिने कितीदा पाहिलं होतं. पाहून दुसऱ्या माणसाला आत बोलावलं होतं.

सरांना खुर्चीत बसवून डॉक्टरबाईंनी दोघांना सांगितलं. हृदय थकलंय, त्याला रक्त पुढे ढकलवत नाही, म्हणून छातीत पाणी साठतंय. अजून तपासण्या करायला लागतील, काही दिवस इथेच राहावं लागेल. औषधांनी पाणी उतरेल, सूजही उतरेल. मीठ कमी, जिने कमी. अशी माणसं पुढे बरीच वर्षं नीट जगतात. आणखी उशीर झाला असता तर हे असं बसून सांगता आलं नसतं. पण पूर्वीचा दम परत यायचा नाही, ते मात्र मनाला सांगून ठेवा.

सरांनी एकच गोष्ट विचारली, पोहायचं काय.

“काठावर बसून पाय बुडवा,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

सर घरी आले तेव्हा त्यांच्या पायात बूट पुन्हा नीट जात होते. भिंगरी कामावर रुजू झाली. आता ती ‘सोडा’ इतक्या घाईने म्हणायची की मिशीवाले तिला चिडवायचे, बाई, त्यांना आधी घेऊ तर द्या. दुपारी ती घरी यायची, गोळ्या द्यायची, आणि त्यानंतर काय करायचं हे तिला कळेनासं झालं होतं. स्टूल तिथेच होतं. पण आता बसायचं म्हणजे उघड्या डोळ्यांच्या माणसासमोर बसायचं. दोन-तीन दिवस तिने भांड्यांचा नुसता खडखडाट केला.

शेवटी सरांनीच हाक मारली. “अगं, ये ना. म्हण की तुझं ते. या वेळी मीही म्हणतो.”

सर काही फारसे प्रार्थनेतले नव्हते. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत आणि गाणी मात्र खड्या आवाजात म्हणत. तिने ओशाळत शब्द सांगितले. दोघांनी मिळून म्हणून पाहिलं आणि पहिल्याच श्वासाला सर मागे पडले. गोळ्यांनी पाणी उतरलं होतं, पण श्वास काही लांब झाला नव्हता. मग घासाघीस सुरू झाली. सर म्हणाले, ‘प्रभू’ काढ, त्याला ठाऊक आहे तो प्रभू आहे. ती म्हणाली, बरं. ‘ख्रिस्ता’ही काढावं लागलं. मग ‘माझ्यावर’. दया कुणावर करायची ते न सांगता त्याला कळेल का, सरांनी शंका काढली. भिंगरी म्हणाली, घरात दोनच माणसं आहेत, कळेल. उरलं ते एवढं, आत येताना येशू, बाहेर जाताना दया कर. तेवढं सरांना पेलवत होतं.

पण भिंगरीला ते जमेना. सरांच्या आखूड श्वासाबरोबर जायचं म्हणून ती आपला श्वास तोडू लागली. थोड्याच वेळात तिला धाप लागली आणि डोळ्यांपुढे ठिपके नाचले. सरांच्या ते लगेच लक्षात आलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे श्वासच पाहिले होते.

“तू माझ्या मागे मागे येतेस,” ते म्हणाले. “असं नाही करायचं. शेजारच्याच्या दमावर पोहायला गेलं की नाकातोंडात पाणी जातं. तू तुझ्या दमाने चल. लांब असेल तर लांब.”

“आणि चुकामूक झाली तर?”

“होईलच. माझा आधी संपणार.”

ती ताडकन उठली. स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. ओट्याला दोन्ही हात टेकवून ती उभी राहिली आणि तिला ऐकू आलं की तिचा स्वतःचा श्वास चालला आहे. मोठा, चिडलेला, नाकातून शीळ घातल्यासारखा. त्याच्यावर कुठलीही प्रार्थना बसण्यासारखी नव्हती. पण होता तो तिचाच.

परत आली तेव्हा सरांनी डोळे मिटले होते. जागे होते की झोपले होते, हे तिने ताडून पाहिलं नाही. स्टुलावर बसली आणि ताईने दिले होते तसे पुरे शब्द घेतले. प्रभू येशू ख्रिस्ता. तिचं ‘ख्रिस्ता’ येईपर्यंत शेजारी सरांचा एक श्वास होऊन दुसरा सुरू झाला. तिचं मन पटकन तिकडे वळलं, शब्द तुटला. पुन्हा पहिल्यापासून घेतला. पुन्हा तुटला. घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरची हाक, गोळ्यांची बाटली नीट बंद केली होती ना. उठावंसं वाटत होतं. तिने दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीत अडकवले आणि पुढचा श्वास घेतला.